चरा

तळघरात धार सुटते.
वर ओब नदी गोठलेली, खिडकीबाहेर उणे एकतीस,
आणि इथे पितळी तोटीतून निघालेलं पाणी
पहिली दोन बोटं काचेच्या कांडीसारखं,
इतकं स्थिर, की वाटतं
उचलून टेबलावर ठेवावं.

मग कांडीला सुरकुती पडते.
बाजूनं धावणारा वारा तिला ओरबाडतो,
पापुद्रे निघतात, पापुद्र्यांचे दोरे,
दोऱ्यांना गाठी,
आणि गाठी सुटतात त्या थेंब होऊनच.

प्रोखोर इग्नात्येविच कॅमेरा लावतो:
सेकंदाला चाळीस हजार चित्रं.
कानटोपी आत आल्यावरही काढत नाही.
म्हणतो, "बघून घे, ग्लाशा. पुन्हा असं फुटणार नाही."
रोज हेच म्हणतो. रोज खरं असतं.

माझं काम वरच्या मजल्यावर, संगणकाशी.
मला एकेका भोवऱ्याचा हिशेब ठेवता येत नाही.
मोठा भोवरा लहानांना पोसतो, लहान त्याहून लहानांना,
शेवटचा कुठे विरतो, पाणी त्यानं किती कणभर कोमट होतं
हे मोजायला माझं आयुष्य आणि संस्थेची सगळी वीज
अपुरी.
म्हणून मी फासे टाकते.
प्रत्येक थेंबाला थोडी आठवण देते,
आत्ता कुठे निघाला होतास, त्याची,
आणि थोडा धक्का,
ज्याचं कारण विचारायचं नाही.
आई याला नशीब म्हणायची.
आम्ही सरासरी आणि विचलन म्हणतो.

गंमत अशी, की हे नशीबही पेरावं लागतं.
एक आकडा द्यायचा, त्याचं नाव बीज.
तेच बीज, तेच वादळ, थेंबाला थेंब.
मी नेहमी ४१७ देते:
पहिल्या दिवशी दारात कोट ठेवला
तेव्हा मिळालेला बिल्ला.

नोव्हेंबरपासून ताळा जुळेना.
खऱ्या तुषारांचा पंखा डावीकडे कलायचा,
केसाएवढा, पण रोज.
माझे थेंब दोन्हीकडे सारखे, आज्ञाधारक.
मी धक्के वाढवले. आठवण कमी केली.
रात्री अडीच वाजता समीकरणात एक पद घुसडलं,
त्याला ग्रीक अक्षर दिलं
आणि लेखात लिहिलं:
प्रवाहाची अंगभूत अनिश्चितता.

गुरुवारी चहाच्या वेळी
साखरेचा खडा दातांत धरून
प्रोखोर भिंतीकडे बघत बोलला,
"तोटी माझ्या हातून पडली होती. ऑक्टोबरात.
बोटं बधिर होती.
कडेला चरा आहे, नखाला लागतो.
पेन्शनला सात महिने उरलेत, म्हणून…"

मी नख फिरवलं. लागला.
एवढासा.
चार महिने ज्याला मी निसर्गाचा स्वभाव म्हणत होते
ती एका म्हाताऱ्याच्या गारठलेल्या अंगठ्याची
सही होती.

रागावले नाही, असं नाही.
जिने चढताना प्रत्येक पायरीला एक शिवी दिली,
तिसऱ्या मजल्यापर्यंत शिव्या संपल्या.
ग्रीक अक्षर खोडलं. लेख परत मागवला.
कारणाच्या रकान्यात 'उपकरणातील दोष' लिहिलं.
उपकरणाला हात असतात,
आणि हातांना हिवाळा,
हे लिहायला रकाना नव्हता.

नवी तोटी आली. पंखा सरळ.
आता वक्रावर वक्र बसतो, सरासरी जुळते,
संचालक खूश.
तरी काल पडद्यावर थांबवलेला तो एक,
उजव्या काठचा, जुळा थेंब,
मधे बारीक कंबर,
तुटेल की पुन्हा एक होईल
हे मला सांगता आलं नाही.
४१७ नं नाही, कुठल्याच बीजानं नाही.

प्रोखोर माझ्या खांद्यामागून बघतो.
"आणि यात कोणाचा हात?"
माहीत नाही, मी म्हणते.
त्याला बरं वाटतं.
कानटोपी आणखी खाली ओढतो
आणि झडप उघडतो.